आगबोटीवरील कवायत : तिचा इतिहास व तिचें मोल



असोद्यासारख्या गांवीं राहणाऱ्या माणसानें आगबोटींविषयीं बोलावें, हें आपल्यापैकीं कित्येकांस चमत्कारिक वाटेल. आमच्या खानदेशास समुद्र नाहीं. तापी आहे, गिरणा आहे, वाघूर आहे. परंतु तापीचें पाणी सागरास मिळतें तें सुरतेपलीकडे, आमच्या दृष्टीआड. तथापि काळ पालटला आहे. केळीच्या आणि कपाशीच्या बागाईतदारांचीं मुलें आज देशोदेशीं नोकरीस आहेत, आणि हौसेनें आईबापांस बोलावून घेऊन समुद्रपर्यटन घडवितात. ज्या बोटींतून हें पर्यटन होतें तिला लोक ‘क्रूझ’ म्हणतात. आपण तिला विहारनौका म्हणूं.

अशा प्रवासाहून परत आलेलीं माणसें बोटीवरील भोजनाचें वर्णन करतात, नाचगाण्याचें करतात, पोहण्याच्या तलावाचें करतात. मात्र एका गोष्टीविषयीं बहुतेकांची तक्रार एकच असते. “पहिल्याच दिवशीं भोंगा वाजवून सर्वांना उगाच एका जागीं उभें केलें आणि अंगांत जाकिटें कशीं घालावींत तें दाखवीत बसले.” या वाक्यांतील ‘उगाच’ हा शब्द हाच माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे. मीं आयुष्यभर शाळेंत इतिहास शिकविला आणि कवायतहि घेतली. ती बोटीवरची अर्ध्या तासाची कवायत कोठून आली, तिच्यासाठीं कोणी काय किंमत मोजली, हें आपण थोडक्यांत पाहूं.

प्रथम आपल्याच किनाऱ्याकडे वळूं. इ. स. १८८८ च्या नोव्हेंबर महिन्याची ८ वी तारीख. ‘वैतरणा’ नांवाची आगबोट कच्छांतील मांडवी बंदरांतून मुंबईस यावयास निघाली. मुंबईच्या शेफर्ड कंपनीची ही बोट स्कॉटलंडांत ग्रेंजमाउथ येथें १८८५ सालीं बांधलेली होती. तिच्यावर विजेचे दिवे लखलखत, म्हणून लोकांनीं तिचें नांव ‘वीजळी’ ठेविलें होतें. त्या काळीं मुंबई शहरांतहि विजेचा दिवा ही नवलाई होती, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या नांवांतील कौतुक कळतें. बोटीवर ७०३ उतारू व ४३ खलाशी होते असें नोंदींवरून दिसतें. लोकांच्या समजुतीप्रमाणें हा आंकडा याहून बराच मोठा होता. त्यांत लग्नाचीं वऱ्हाडें होतीं आणि मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेस निघालेले विद्यार्थीहि होते, असें तिकडील लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ तिला वादळानें गांठलें. ती मुंबईस पोहोंचली नाहीं. दुसऱ्या कोणत्याहि बंदरास लागली नाहीं. तिचा सांगाडा सांपडला नाहीं, एकहि प्रेत किनाऱ्यास लागलें नाहीं. सरकारनें चौकशी केली, तेव्हां असें आढळून आलें कीं बोटीवर जीवरक्षक होड्या व जाकिटें पुरेशीं नव्हतीं. म्हणजे रोषणाई भरपूर होती. जीव वांचविण्याचें साधन मात्र तोकडें होतें. दिव्यांवरून बोटीस नांव पडलें. होड्या किती आहेत हें कोणी मोजल्याचें ऐकिवांत नाहीं.

त्या काळचा एकंदर समजच असा होता कीं, समुद्रावर जें व्हावयाचें तें दैवाधीन. बोट बुडूं लागली तर काय करावयाचें हें कप्तानानें जाणावें, खलाशानें करावें. उतारूनें देवाचें नांव घ्यावें. शिस्तीचें उदाहरण म्हणून इंग्रज लोक १८५२ सालच्या ‘बर्कनहेड’ बोटीकडे बोट दाखवीत. दक्षिण आफ्रिकेजवळ ती फौजेची बोट खडकावर आपटली, तेव्हां शिपाई रांगा धरून उभे राहिले आणि बायकामुलांस आधीं होड्यांत बसविलें. बायकामुलें वांचलीं, शिपायांपैकीं बहुतेक बुडाले. हें शौर्य थोर खरें. पण त्यांतील मर्म असें कीं ते शिपाई होते. हुकूम होतांच रांग धरावयाची, हें त्यांच्या अंगीं वर्षानुवर्षांच्या कवायतीनें भिनलेलें होतें. तिकीट काढून बसलेला व्यापारी, माहेरीं निघालेली लेकुरवाळी, मॅट्रिकचा विद्यार्थी यांच्या अंगीं तें कोठून यावें? हा प्रश्न जगानें पुढें आणखी साठ वर्षें विचारला नाहीं.

तो विचारावयास लावला ‘टायटॅनिक’नें. १९१२ सालच्या एप्रिल महिन्यांत १४ व १५ तारखांच्या मधल्या रात्रीं ही प्रचंड बोट उत्तर अटलांटिकांत हिमनगावर आदळून बुडाली, ही कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. मी आपणांपुढें तिच्यांतील केवळ अंकगणित मांडतों. बोटीवर सुमारें २,२०० माणसें होतीं. होड्यांत जागा होती १,१७८ माणसांची. हा कायद्याचा भंग नव्हता! ब्रिटिश व्यापारखात्याचे त्या वेळचे नियम १८९४ सालच्या सुमाराचे होते. त्यांत दहा हजार टनांवरील सर्व बोटींस एकच माप लावलें होतें, आणि ही बोट होती सेहेचाळीस हजार टनांची. कायद्यानें मागितल्या सोळा होड्या. बोटीवर होत्या वीस. कागदोपत्रीं सारें यथास्थित होतें.

परंतु याहून विचार करण्याजोगा आंकडा दुसराच आहे. वांचलेलीं माणसें सुमारें सातशें. म्हणजे होड्या मुळांत अपुऱ्या, आणि त्या अपुऱ्या होड्यांतहि साडेचारशेंच्या वर जागा रिकाम्याच गेल्या. पहिल्यानें सोडलेल्या एका होडींत पासष्टांची जागा असतां तिशीच्या आंतच माणसें होतीं. कां? उतारूंस संकटाची जाणीव नव्हती. आपली होडी कोणती, कोणत्या जिन्यानें वर जावयाचें, हें त्यांस कोणीं सांगितलें नव्हतें. एवढी मोठी उबदार बोट सोडून काळोखांत लोंबणाऱ्या होडींत बसावयास पुष्कळांचें मन धजेना. साधन असणें ही एक गोष्ट आणि तें वापरतां येणें ही दुसरी.

या धड्यांतून १९१४ च्या जानेवारींत लंडन येथें निरनिराळ्या राष्ट्रांचा एक करार झाला. समुद्रावरील जीवितरक्षणाचा हा पहिला आंतरराष्ट्रीय करार होय. प्रत्येक माणसास होडींत जागा हवी, बिनतारी तारायंत्रावर अहोरात्र पहारा हवा, होड्यांची कवायत व्हावयास हवी, अशीं कलमें त्यांत होतीं. त्याच वर्षीं महायुद्ध पेटल्यामुळें तो करार अमलांत आलाच नाहीं. पुढें १९२९, १९४८, १९६० आणि १९७४ या सालीं तो नव्यानें लिहिला गेला. आज जगभर जो पाळतात तो १९७४ सालचा. त्याचा अंमल २५ मे १९८० पासून सुरूं झाला आणि त्यांत वेळोवेळीं दुरुस्त्या होत आल्या आहेत.

आतां पुनः आपल्या किनाऱ्यावर येऊं. कोंकणांत पूर्वीं रेल्वे नव्हती, घाट अवघड, खाड्यांवर पूल नाहींत. मुंबईची गिरणी आणि कोंकणचें घर यांना जोडणारी वाट म्हणजे आगबोट. गणपतीस, शिमग्यास, मे महिन्याच्या सुटींत चाकरमानी तिच्यांतूनच जात. परदेशी कंपन्यांच्या वागणुकीस कंटाळून आपल्या लोकांनीं सहकारी तत्त्वावर स्वतःची कंपनी काढली आणि बोटींस संतांचीं नांवें दिलीं. ‘तुकाराम’, ‘रामदास’ हीं तीं नांवें. लोक अभिमानानें तिला ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. परंतु नांवाची पुण्याई वादळास ठाऊक नसते. ११ नोव्हेंबर १९२७ रोजीं एकाच वादळांत ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशीं कोंकणच्या समुद्रांत बुडाल्या. तिकडील घराघरांवर तो घाला पडला.

त्यानंतर वीस वर्षांनीं ‘रामदास’ बुडाली. ही बोट १९३६ सालीं इंग्लंडांत बांधलेली, ४०६ टनांची होती, आणि अपघाताच्या वेळीं ती बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या मालकीची होती. तारीख १७ जुलै १९४७, गुरुवार, आषाढ अमावास्या. स्वातंत्र्य एकोणतीस दिवसांवर आलें होतें. सकाळीं आठच्या सुमारास ती भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. जेमतेम दीड तासाचा हा प्रवास. सुमारें सातशें उतारू होते: सणाकरितां घरीं निघालेले नोकरदार, बाजार करून परतणारे लोक, बायका, लेंकरें. थोड्याच वेळांत पाऊस व वारा वाढला. बोटींत पाणी येऊं लागलें तशीं घाबरलेलीं माणसें जीव वांचविण्यासाठीं एका बाजूकडे धांवलीं.

येथें क्षणभर थांबून कारण समजावून घेतलें पाहिजे. बैलगाडींत माल भरतांना तो नीट तोलून भरला नाहीं तर गाडी उलाळ होते, हें आमच्याकडील पोरहि जाणतें. रस्त्याच्या कडेस एक चाक चढलें असतां गाडींतलीं सारीं माणसें खालच्या अंगास सरकलीं, तर गाडी हटकून उलटते. बोटीचें तसेंच. बोट कलली कीं पाणी तिला सांवरूं पाहतें. पण त्याच वेळीं शेंकडों माणसांचें वजन कललेल्या अंगास आलें, आणि वरून लाट बसली, तर सांवरण्याची तिची शक्ति संपते. ‘रामदास’चें असेंच झालें. काशाच्या खडकाजवळ, निघाल्यापासून पुरा पाऊण तासहि झाला नसेल तों, ती कलंडली आणि बुडाली. सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. मुंबई शहर तेथून पंधरा किलोमीटरहि दूर नव्हतें. परंतु बोटीवर बिनतारी यंत्र नसल्यामुळें शहरास ही वार्ता दुपारपर्यंत कळलीच नाहीं. पोहत, तरंगत आलेल्यांच्या तोंडून ती कळली. त्या भागांतील कोळी बांधवांनीं आपल्या होड्या त्या खवळलेल्या पाण्यांत घालून कित्येकांस ओढून काढलें. जे वांचले त्यांत पट्टीचे पोहणारे होते आणि या कोळ्यांच्या हातीं लागलेले होते.

मी या अपघातावर अधिक वेळ घेतला याचें कारण आहे. ‘टायटॅनिक’ आपल्या मुलांस चित्रपटामुळें ठाऊक असते. ‘रामदास’ ठाऊक नसते. आणि विचार करा: त्या सातशें माणसांस निघण्यापूर्वीं पांच मिनिटें कोणी एवढेंच सांगितलें असतें कीं, “बोट कलली तर एका अंगास धांवूं नका, जागच्या जागीं खालीं बसा, जाकिटें अमुक ठिकाणीं आहेत”, तर सारेच वांचले असते असें मी म्हणणार नाहीं. पावसाळ्याचा समुद्र, तो वारा, ती लाट हीं होतींच. पण ज्या धांवपळीनें बोटीचा तोल गेला तिला आळा घालणारा दुसरा उपाय माणसाच्या हातीं नाहीं. भीतीच्या क्षणीं माणूस विचार करीत नसतो. जें आधीं अंगवळणीं पडलें असेल तेंच करतो. कवायतीचें सारें तत्त्वज्ञान एवढ्यांत आलें.

आतां ही कवायत असते कशी तें पाहूं. भोंग्याचे सात अथवा अधिक आंखूड आवाज आणि त्यापुढें एक लांब आवाज, ही जगभरची ठरलेली खूण आहे. ती ऐकतांच उतारूनें आपल्या नेमलेल्या जमण्याच्या जागीं जावयाचें. ही जागा त्याच्या तिकिटावर व खोलीच्या दारामागें लिहिलेली असते. लिफ्टचा उपयोग करावयाचा नाहीं, जिन्यानेंच जावयाचें. कारण वीज गेली तर लिफ्ट म्हणजे बंद पेटी. तेथें खलाशी हजेरी घेतात, अगदीं आपल्या शाळेंतल्याप्रमाणें. कोण आला नाहीं हें कळल्याशिवाय कोणास शोधावयाचें हेंहि कळत नाहीं. मग जाकीट घालून दाखवितात. हें जाकीट म्हणजे आमच्या विहिरींतील सांगडीची सुधारलेली बहीण होय. आमच्याकडे मुलांस पोहावयास शिकवितांना पाठीशीं वाळलेला भोपळा किंवा हलक्या लांकडाची सांगड बांधीत. मात्र सांगड जागच्या सरकूं शकते. जाकीट असें बनविलेलें असतें कीं शुद्ध हरपलेल्या माणसाचेंहि तोंड पाण्यावर राहावें. तें न शिकलेल्या माणसासहि मिनिटभरांत घालतां यावें असा नियम आहे. पण तें बंद न बांधतां नुसतें गळ्यांत अडकविलें तर उडी घेतांच वर सरकून निघून जातें. हा बारकावा चित्र पाहून कळत नाहीं. हातानें बांधून पाहिल्यावरच कळतो. खलाशांची स्वतःची कवायत तर उतारूंच्या बोटींवर दर आठवड्यास होते. सर्व लोक जाकिटें घालून जमल्यावर, बोट सोडण्याचा हुकूम होतांच तीस मिनिटांच्या आंत सर्व होड्या पाण्यांत सोडतां आल्या पाहिजेत, असें बंधन आहे. त्या तीस मिनिटांत एकेका उतारूस जागा दाखवीत बसण्यास अवकाश नसतो.

कोणी म्हणेल, हें सारें जुन्या काळीं ठीक; आतां यंत्रें सुधारलीं, उपग्रह वाट दाखवितात. याचें उत्तर १३ जानेवारी २०१२ च्या रात्रीनें दिलें. ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ ही इटलीची भव्य विहारनौका, चार हजार दोनशेंहून अधिक माणसें घेऊन, जिल्यो बेटाच्या फार जवळून जातांना खडकावर घासली. त्या काळीं नियम असा होता कीं, उतारू बोटीवर चढल्यापासून चोवीस तासांच्या आंत कवायत घ्यावी. त्याच संध्याकाळीं चढलेल्या सुमारें सातशें उतारूंची कवायत दुसऱ्या दिवशीं व्हावयाची होती. खडक कांहीं दुसऱ्या दिवसापर्यंत थांबला नाहीं! बोटीवरून प्रथम सांगण्यांत आलें कीं विजेंत बिघाड आहे. बोट सोडण्याचा हुकूम तासाभराहून अधिक उशिरां झाला, आणि तोंपर्यंत बोट इतकी कलली कीं एका बाजूच्या होड्या सोडणें कठीण होऊन बसलें. किनारा हांकेच्या अंतरावर असतां ३२ माणसें मेलीं. त्यांत आपल्या देशाचा एक कामगारहि होता. कप्तानास पुढें न्यायालयानें सोळा वर्षांची शिक्षा दिली. आणि नियम पालटला. १ जानेवारी २०१५ पासून, बोट बंदरांतून निघण्यापूर्वीं किंवा निघतांच ही कवायत झालीच पाहिजे, असें ठरलें. आपल्यास पहिल्याच दिवशीं ‘उगाच’ उभें करतात त्याचें कारण हें आहे.

अलीकडे, २०२० सालच्या साथीनंतर, कित्येक कंपन्यांनीं गर्दी टाळण्यासाठीं नवी पद्धत काढली आहे. उतारूनें आपल्या खोलींत चित्रफीत पाहावयाची आणि सवडीनें जमण्याच्या जागीं जाऊन हजेरी द्यावयाची. यांत सोय आहे हें खरें. परंतु गर्दींतून वाट काढीत जाण्याचा सराव यांत होत नाहीं, आणि अपघाताच्या वेळीं गर्दी ही असावयाचीच. म्हणून ज्यानें चित्रफीत पाहिली त्यानें, निदान एकदां, आपल्या खोलीपासून त्या जागेपर्यंत जिन्यानें चालून पाहावें.

आपल्याकडे या बाबतींत आणखी एक अडचण आहे, आणि ती मनाची आहे. शुभ प्रसंगीं अभद्र बोलूं नये, हा आपला संस्कार. प्रवासास निघालेल्याला “जातों” म्हणूं देत नाहीं, “येतों” म्हणावयास लावतों. या संस्कारांतील माया मी जाणतों. पण घरीं पाण्याची घागर भरून ठेवली म्हणून कांहीं आग लागत नाहीं. तहान लागल्यावर विहीर खणूं नये, हें सांगणारी भाषाहि आपलीच आहे.

आणि हा प्रश्न परदेशी विहारनौकांपुरता नाहीं. मोठ्या बोटींवर निदान कायदा उभा आहे. लहान होड्यांत बहुधा आपली अक्कलच आपल्या उपयोगीं पडते. १८ डिसेंबर २०२४ रोजीं गेटवेहून घारापुरीस निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची एक वेगवान बोट, इंजिनाची चांचणी चालू असतां, येऊन आदळली. शंभराहून अधिक लोक पाण्यांत पडले, १५ जण मरण पावले. पुष्कळांच्या अंगांत जाकिटें नव्हतीं. त्यानंतर या बोटींवर जाकीट घालणें सक्तीचें झालें. ‘वैतरणा’नंतर चौकशी, ‘टायटॅनिक’नंतर करार, ‘कॉन्कॉर्डिया’नंतर दुरुस्ती आणि ‘नीलकमल’नंतर सक्ती! प्रत्येक नियमाच्या मागें बुडालेलीं माणसें उभीं आहेत.

समुद्र दूर असलेल्या आमच्या खानदेशानेंहि हा धडा फार जवळून पाहिला आहे. २२ जानेवारी २०२५ रोजीं पाचोऱ्याजवळ परधाडे स्थानकानजीक ‘पुष्पक एक्सप्रेस’मध्यें आग लागल्याची आवई उठली. साखळी ओढली गेली, गाडी थांबली, आणि घाबरलेले उतारू शेजारच्या रुळांवर उतरले. तेवढ्यांत त्या रुळांवरून ‘कर्नाटक एक्सप्रेस’ आली. बाराहून कमी नव्हे इतकीं माणसें तेथें प्राणांस मुकलीं. आग नव्हतीच. ‘रामदास’वरील एका अंगास धांवलेली गर्दी आणि हे रुळांवर उतरलेले उतारू यांत अठ्ठ्याहत्तर वर्षांचें अंतर आहे, माणसाचें मन तेंच आहे. त्या दुर्दैवी लोकांस दोष देण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. गाडी मध्येंच थांबली तर कोणत्या बाजूस उतरावें, उतरण्यापूर्वीं काय पाहावें, हें त्यांस कोणी कधीं शिकविलें होतें? आगबोटीच्या उतारूस जगानें शंभर वर्षांत जें थोडेंबहुत शिकविलें, तें आगगाडीच्या उतारूस, नावेंत बसणाऱ्या यात्रेकरूस, देवळाच्या गर्दींत उभ्या असलेल्या भाविकास आपण अद्याप शिकविलेलें नाहीं.

म्हणून माझी विनंती अशी. आपण विहारनौकेवर जाल तेव्हां त्या कवायतीस वेळेवर उभे राहा, आणि मुलांसहि उभें करा. जाकीट नुसतें पाहूं नका, बांधून पाहा. खोलीपासून जमण्याच्या जागेपर्यंतचे जिने मोजून ठेवा. काळोखांत ती मोजणीच डोळे होते. लहान होडींत बसाल तेव्हां जाकीट मागून घ्या, आणि होडी अधिक भरलेली दिसली तर पुढच्या होडीची वाट पाहा. त्यांत फार तर तासभर जाईल. शाळांतील माझ्या व्यवसायबंधूंस सांगणें एवढेंच कीं, कवायतीच्या तासांतील पांच मिनिटें याकरितां राखून ठेवावींत: भोंगा वाजला तर कोठें जमावयाचें, ढकलाढकली न करतां कसें चालावयाचें, आणि हजेरी होईपर्यंत जागा कां सोडावयाची नाहीं. मुलांस पोहावयास शिकवितां आलें तर फारच उत्तम.

‘वैतरणा’वरील मॅट्रिकचे विद्यार्थी परीक्षेस पोहोंचले नाहींत. आपल्या मुलांस मात्र या एका विषयाची तयारी घरूनच करून पाठवितां येईल, आणि ती करून देणें वडील माणसांच्या हातीं आहे.